तेलविहिरीवर गॅस आणि द्रव वेगळे करणाऱ्या मोठ्या सेपरेटरऐवजी छोटा सायक्लोन सेपरेटर बसवला, तर त्यावर भरवसा ठेवता येतो का?

ठेवता येतो. हे ठासून सांगतोय, कारण "सायक्लोनचा भरवसा नाही" हे वाक्य मी ओमानच्या वाळवंटात ऐकलंय, आणि ज्या सायक्लोनला ते ऐकावं लागलं त्याच्यात काहीच खोट नव्हती.

मी इन्स्ट्रुमेंटचा माणूस. आमच्या स्किडवर, म्हणजे पोलादी चौकटीवर बसवलेल्या संचावर, विहिरींचं उत्पादन मोजायला जीएलसीसी होता, म्हणजेच असा सायक्लोन: आत भोवरा तयार होतो, द्रव भिंतीला लागून खाली जातो आणि गॅस वर. उभा पाइप, त्याला खाली झुकलेला स्पर्शरेषेतला इनलेट (आत शिरायचा पाइप), गॅसच्या लाइनवर व्हॉर्टेक्स मीटर, द्रवाच्या लाइनवर कोरिओलिस मीटर, पुढे दोन्ही लाइनी परत एकत्र. विहिरीतून स्लग, म्हणजे द्रवाचा एकगठ्ठा लोंढा, आला की द्रव वर चढून गॅसच्या मीटरमध्ये शिरायचा आणि आकडे भलतेच यायचे. प्रोसेसच्या प्रमुखांनी एका बैठकीत निकाल दिला, "हे खेळणं काढा, नेहमीचा टेस्ट सेपरेटर मागवा." म्हणजे मोजणीसाठीचा मोठा सेपरेटर.

मी ट्रेंड, म्हणजे नोंदलेल्या आकड्यांचे आलेख, काढले. द्रवाची लेव्हल चढताच कंट्रोलरचं आउटपुट बदलत होतं, म्हणजे हुकूम वेळेवर सुटत होता. मग स्लग यायच्या वेळी द्रवाच्या लाइनवरच्या कंट्रोल व्हॉल्व्हपाशी जाऊन उभा राहिलो. आउटपुट वाढलं तरी दांडी जागची हलेना, आणि हलली ती एकदम झटक्यानं. तोवर द्रव वर पोचलेला. ग्लँड पॅकिंग (दांडीभोवतीची गळतीरोधक भरण) कुणीतरी कचकचून आवळलेलं, व्हॉल्व्ह हवेच्या दाबानं हलवणारा ॲक्च्युएटर मोठा, आणि त्याला हवा येत होती ती लांबच्या पॅनेलवरून पाव इंची ट्यूबिंगमधून. पॅकिंग सैल केलं, दांडी हुकमाप्रमाणे हलवणारा पोझिशनर व्हॉल्व्हवरच बसवला, हवा झटपट पुरवणारा व्हॉल्यूम बूस्टर जोडला. त्यानंतर स्लग येत राहिले आणि गॅस मीटर कोरडा राहिला. पण टेस्ट सेपरेटरची ऑर्डर गेली होती. सायक्लोन उतरवून यार्डात टाकला आणि अहवालात कारण लिहिलं: "तंत्रज्ञान अयोग्य". माझे ट्रेंड अहवालाला जोडलेसुद्धा नाहीत.

नेहमीच्या सेपरेटरमध्ये द्रव मिनिटभर तरी थांबतो, त्यामुळे सुस्त व्हॉल्व्हही खपून जातो. सायक्लोनमध्ये हाताशी असतात मोजके सेकंद. त्यात दोन लाइनी पुढे परत जोडल्या असतील, तर गॅसच्या वाटेतली दाबातली घट द्रवाच्या वाटेच्या तुलनेत ०.१ बारनं जरी वाढली तरी पाण्याची लेव्हल साधारण एक मीटर खाली सरकते. एवढ्याशा पाइपात एक मीटर म्हणजे सगळा खेळ संपला. द्रवात गॅसचे बुडबुडे उतरले की डीपी ट्रान्समीटर (दाबातल्या फरकावरून लेव्हल मोजणारं यंत्र) लेव्हल आहे त्यापेक्षा कमी दाखवतो, आणि कंट्रोलर बिचारा त्यावर विश्वास ठेवून व्हॉल्व्ह आवळतो. यातला एकही दोष पाइपाचा नाही.

अमेरिकेतल्या टल्सा विद्यापीठात १९९४ पासून यावर पद्धतशीर काम चालू आहे. इनलेट २७ अंश खाली झुकवायचा, म्हणजे पाइपात शिरण्याआधीच द्रव तळाशी बसू लागतो, हे तिथल्याच कामातून रूढ झालं. नियंत्रण कसं असावं यावरही त्यांनी भरपूर लिहिलंय. आमच्याकडे इनलेटचा कोन ड्रॉइंगवरून बरोबर उचलला आणि नियंत्रणाचा भाग मात्र कुणी उघडूनही पाहिला नाही. इन्स्ट्रुमेंटवाल्याला बोलावलं ते स्किड साइटवर आल्यावर.

म्हणून तुम्हाला सांगतो, व्हेंडरकडून आधी व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला किती वेळ लागतो ते लेखी घ्या, पाइपाचा व्यास त्यानंतर ठरवा. डिझाइनच्या पहिल्या बैठकीत इन्स्ट्रुमेंटचा माणूस बसवा, आणि प्रोसेसवाले "ते नंतर बघू" म्हणाले तर बैठक तिथेच थांबवा.

आता हेही लिहायला हवं: क्रूड फार घट्ट असेल तर भोवरा लवकर मरतो, तिथे सायक्लोनच्या नादी लागू नका. वाळू येत असेल तर इनलेटच्या झोतासमोरची भिंत झिजते, तिथली जाडी अल्ट्रासॉनिकनं नियमित मोजा. आणि पुढे कॉम्प्रेसर असेल तर एकट्या सायक्लोनवर विसंबून मीही राहणार नाही, मध्ये गॅसमधले उरलेसुरले थेंब काढणारा स्क्रबर हवाच. मोजमापासाठी किंवा मोठ्या सेपरेटरच्या आधी बराचसा गॅस काढून घेण्यासाठी मात्र बिनधास्त लावा.