भाकर सोडली, तरी वजनाचा काटा का अडला?

प्रश्न : भाकर, पोळी, भात, साखर बंद करून सहा आठवडे झाले. पहिल्याच आठवड्यात अडीच किलो उतरलं, त्यानंतर काटा हलायला तयार नाही. भूक लागली की फल्लीदाणे नाहीतर पनीर खातो, भाजी तर्रीदार असते. कर्बोदकं टाळली की कॅलरी बघायची गरजच नाही, असं मोबाइलवर सांगतात. मग अडलं कुठं?
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : कॅलरी मोजत बसायची गरज काहींना पडत नाही, हे खरं. पण म्हणून त्यांचा हिशेब सुटत नाही.

ते अडीच किलो बहुतांश पाणी होतं. यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (कर्बोदकांपासून बनलेली राखीव साखर) साधारण 3 ग्रॅम पाणी असतं. भात-पोळी थांबली की साठा ओसरतो, पाणीही जातं. चरबी एवढ्या झपाट्यानं कुणाचीच उतरत नाही.

कर्बोदकं कमी करून अनेकांचं वजन उतरतं, ते बिस्किटं-फरसाण सुटल्यामुळं आणि प्रथिनांनी पोट लवकर भरल्यामुळं. नकळत खाणंच घटतं. तुमचं घटलेलं दिसत नाही. 100 ग्रॅम फल्लीदाण्यांत सुमारे 565 कॅलरी. 50 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत 170च्या आसपास. (आपल्याकडची भाकर याहून मोठी असते, एकदा पीठ तोलून बघाच.) म्हणजे गप्पा मारता मारता तीन भाकरी पोटात गेल्या. तेलाचं तर विचारूच नका : मोठा चमचा, म्हणजे 15 मिली, 120 कॅलरी. तर्रीत असे किती चमचे तरंगतात?

घरातले तेलाचे पुडे मोजा. लिटरच्या पुड्यात साधारण 910 ग्रॅम तेल असतं. चौघांच्या घरात महिन्याला 3 ऐवजी 5 पुडे लागू लागले असतील, तर माणशी रोज सुमारे 135 कॅलरी वाढल्या.

दाणे डब्यातून खाऊ नका. 30 ग्रॅम वाटीत काढा आणि डबा फळीवर ठेवा. भाजी वाढून घेताना तर्री बाजूला सारा. पनीर 50-60 ग्रॅम पुरे. उरलेली भूक अंडी, ताक, अंबाडी-दोडक्याच्या भाजीवर भागवा. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी, त्याच काट्यावर. निकाल तीन-चार आठवड्यांनी लावा.

स्टॅनफर्डच्या 2018 च्या अभ्यासात 609 जणांना वर्षभर कमी चरबीचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार दिला होता. दोन्ही गटांच्या घटीत म्हणावा असा फरक निघाला नाही.

मधुमेहासाठी इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा डापाग्लिफ्लोझिन सुरू असेल, तर असा आहार डॉक्टरांना न विचारता करू नका. पहिल्या दोहोंनी साखर एकदम खाली येऊ शकते, तिसऱ्यानं रक्तात आम्ल साचण्याचा, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिसचा धोका वाढतो.

प्रश्न : निंदण-डवरणीच्या दिवसांत दुपारी एक भाकर सुरू केली तर?

उत्तर : खुशाल करा, तेवढे दाणे-तेल कमी करून. दोन-चार दिवसांत काटा किलोभर वर गेला तर घाबरू नका, ते परतलेलं पाणी आहे.