ड्राइव्हमध्ये नवं आयजीबीटी मॉड्यूल टाकण्याआधी
ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग बदलणारं यंत्र, आणि आयजीबीटी म्हणजे त्यातला मोटरला वीज देणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. सप्लाय काढल्यावर किमान 10 मिनिटं थांब. 415 व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी बसवर, म्हणजे मोठे कपॅसिटर जोडलेल्या आतल्या डीसी लाइनवर, सुमारे 587 व्होल्ट असतात. डिस्प्ले विझला म्हणजे कपॅसिटर रिकामे झाले असं मुळीच नाही. मीटरने मोजूनच हात घाल.

मग डायोड रेंजवर लाल प्रोब डीसी मायनसला, काळा एकेक करून यू, व्ही, डब्ल्यू या मोटरकडे जाणाऱ्या आउटपुटला लाव. तिन्हीकडे साधारण 0.3 ते 0.5 व्होल्ट, आणि सारखंच रीडिंग हवं. बीप वाजला तर आयजीबीटी शॉर्ट. ही मायनसकडची खालची बाजू झाली; प्लसकडच्या वरच्या बाजूसाठी काळा डीसी प्लसला, लाल आउटपुटला.

शॉर्ट सापडला तरी घाई नको, पैसे इथेच जळतात. आयजीबीटीबरोबर त्याला चालू-बंद करणाऱ्या सर्किटमधले गेट रेझिस्टर आणि ऑप्टोकपलरही बहुधा जातात. ते न तपासता बसवलेलं मॉड्यूल क्षणात फुटतं. पहिल्यांदा चालू करताना डीसी बसच्या वाटेत 100 वॉटचे तीन पिवळे बल्ब सिरीजमध्ये ठेव. चमकून विझले तर ठीक, पेटतेच राहिले तर शॉर्ट अजून आहे.