पैसा आला म्हणता, पण कुठल्या हेडखाली?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की कोविडनंतर गावागावातल्या जुन्या बाजारपेठा सावरायला सरकारी पैसा येतोय, पण तो खर्च कसा होतो ते कुणी विचारतच नाही. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की संपादक म्हणाले, आता तुम्हीच निस्तरा. ओळख द्यायची तर एका महापालिकेच्या लेखा विभागात मी सत्तावीस वर्षं काढली, त्यामुळे बिलं, हेड (म्हणजे बजेटमधला खर्चाचा रकाना) आणि मार्च एंड हे माझ्या अंगात मुरलंय, पण इंजिनिअर मी नाही. पाच प्रश्न निवडलेत, बाकीच्यांनी राग मानू नका.

प्रश्न: आमचं लक्ष्मी रोडला तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान आहे. २०२० ला जे गिऱ्हाईक मोबाईलवर खरेदी करायला लागलं त्यातलं अर्धंच परत आलं. आता जो तो म्हणतो फुटपाथ मोठे करा, झाडं लावा, बाकं टाका, रस्ता चालणाऱ्यांना द्या. एवढे कोटी घालण्यापेक्षा आमचा दोन वर्षांचा मिळकतकर माफ केला असता तर? पैसा तोच ना शेवटी? (दुकानदार, पुणे)

पैसा तोच नाही काका, सगळी गोम इथंच आहे! सरकारी पैशाला रंग असतो असं आमचे जुने मुख्य लेखापाल म्हणायचे. एक भांडवली आणि एक महसुली. भांडवलीतून वस्तू उभी करायची, रस्ता, गटार, इमारत, दिवे, आणि महसुलीतून पगार, झाडलोट, वीजबिल, सूट-सवलत हे सगळं चालतं. घरासाठी काढलेल्या कर्जाचे पैसे बँक थेट बिल्डरला देते, तुम्ही म्हणालात की यंदा किराणा भरतो त्यातून, तर देईल का? तसंच हे.

लॉकडाऊननंतर, २०२०-२१ मधे, केंद्राने राज्यांना पन्नास वर्षांच्या मुदतीचं बिनव्याजी कर्ज द्यायला सुरुवात केली, पहिल्या वर्षी १२,००० कोटी, पुढे ते वाढत २०२३-२४ ला १.३ लाख कोटींची तरतूद झाली. हेतू हा की कामं चालू राहावीत, मजुरांच्या हाताला काम मिळावं, सिमेंट-लोखंड खपावं. पण अट एकच, भांडवली खर्च. म्हणजे या पैशातून तुमच्या दारात फरशी बसू शकते, तुमचा कर माफ होऊ शकत नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राच्या करातला वाटा ठरवणाऱ्या आयोगाचा, पैसा म्हणाल तर पुण्यासारख्या दहा लाखांवरच्या शहरांना तो स्वच्छ हवा आणि पाणी-कचरा यांच्या कामाशी बांधून दिला, त्यालाही दुसरीकडे हात लावता येत नाही.

आणि मिळकतकर ही पालिकेची स्वतःची भाकरी आहे हो. जकात गेली, मग तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तो २०१५ ला बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, २०१७ ला जीएसटी आला, आणि तेव्हापासून महापालिका दर महिन्याला राज्याकडून भरपाईचा चेक येतो का बघत बसतात. उरला मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचे पैसे. तो माफ केला तर झाडूवाल्याचा पगार कुठून देणार? तरी कराचा दर हा दरवर्षी २० फेब्रुवारीच्या आत ठरवावा लागतो, तेव्हा व्यापारी संघटनेने बोलायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत बोला, एप्रिलमधे बिल हातात पडल्यावर मोर्चा काढून काही होत नाही, हा माझा अनुभव.

चालण्याच्या रस्त्याला मात्र सरसकट नाही म्हणू नका. ११ डिसेंबरचा पादचारी दिन २०२१ पासून तुमच्याच रस्त्यावर होतोय, त्या दिवशी गल्ल्यात किती येतं आणि आधीच्या शनिवारी किती आलं याचा आकडा तुमच्याकडेच आहे, दुसऱ्या कुणाकडे नाही, तो लिहून ठेवा. माझ्या गावात काय झालं सांगतो. बाजारात नवीन फुटपाथ केला, दिसायला झकास, फक्त जुना रस्ता न उकरता वर थर दिला. रस्ता वर आला, दुकानाचा उंबरा खाली राहिला. पहिल्याच पावसात एका चप्पलवाल्याचे खालच्या फळीवरचे सगळे खोके भिजले, तो बिचारा शटरला माती आणि गोणपाट लावून पाणी अडवत बसला होता. इस्टिमेटमधे उकरण्याची आयटम होती का? होती. बिल निघालं का? निघालं, मीच पास केलं, मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेलं काम मोजून लिहितात त्या वहीत, सही होती, मी कागद बघणारा माणूस, उंबरा बघायला कोण जातं. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी उंबऱ्याचा आणि रस्त्याचा पट्टी लावून फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असा.

प्रश्न: माझी आई बाजाराच्या चौकात गजरे-फुलं विकते. लॉकडाऊननंतर पीएम स्वनिधीचं, म्हणजे फेरीवाल्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेचं, दहा हजार कर्ज मिळालं, तिने फेडलं, परत वीस मिळालं, तेही फेडलं. आता चौक सुशोभित केलाय, कारंजं आहे, आणि आईला तिथून उठवलं, टोपली पण नेली. कर्जपण सरकारनेच दिलं आणि उठवलंपण सरकारनेच, हे कसं काय? (गावाचं नाव छापू नका अशी विनंती)

ताई, तुमचं पत्र मी घरात दोनदा मोठ्यांदा वाचून दाखवलं. होतं असं की स्वनिधी एका खात्याने केली, चौक दुसऱ्याने केला, आणि टोपली तिसऱ्या खात्याच्या गाडीत गेली. तिघेही आपापल्या फाईलप्रमाणे बरोबर असतात!

पण कायदा तुमच्या बाजूचा आहे, २०१४ चा पथविक्रेता कायदा. त्यात सरळ लिहिलंय की विक्रेत्यांचा सर्व्हे पूर्ण होऊन प्रमाणपत्रं वाटली जात नाहीत तोपर्यंत कुणाला उठवायचं नाही. नंतरसुद्धा हलवायचं असेल तर तीस दिवसांची नोटीस. माल उचलला तर नाशवंत माल त्याच दिवशी परत, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. फुलं म्हणजे नाशवंत, आता याहून नाशवंत काय असतं. आणि शहर फेरीवाला समितीत चाळीस टक्के माणसं विक्रेत्यांचीच पाहिजेत, त्यातल्या एक तृतीयांश बायका. तुमच्या गावात ती समिती आहे का, शेवटची बैठक कधी झाली, आणि चौकाचा नकाशा त्या बैठकीपुढे आला होता का, हे तीन प्रश्न माहिती अधिकारात टाका.

स्वनिधीचे कागद फेकू नका. १ जून २०२० ला योजना आली तेव्हा अट होती की २४ मार्च २०२० ला किंवा त्याआधी तुम्ही विकत होतात हे दिसलं पाहिजे, म्हणजे सर्व्हेत नाव किंवा पालिकेचं शिफारसपत्र. त्यातलं जे काही आईकडे असेल ते 'ही बाई इथं आधीपासून होती' याचा सरकारनेच तयार केलेला पुरावा आहे. कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र (एनओसी), हप्त्यांची नोंद, क्यूआर कोडचे व्यवहार, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घाला. आणि वीस हजार फेडलंय म्हणजे आई पन्नास हजाराच्या टप्प्याला पात्र होऊ शकते, २०२५ ला योजनेला मार्च २०३० पर्यंत मुदतवाढ मिळाली आहे. हप्ता वेळेवर भरला तर सात टक्के व्याज सवलत खात्यात जमा होते, ती जमा झाली का तेही पासबुकात बघा, बरेच जण बघतच नाहीत.

माझं स्पष्ट मत आहे, बाजारपेठ सुधारायची म्हणून आधी गजरेवालीला उठवणं म्हणजे देवळाचा जीर्णोद्धार करताना पुजाऱ्याला हाकलणं.

प्रश्न: सोलापूर केंद्राच्या स्मार्ट सिटी मिशनमधे, पहिल्या वीस शहरांत आलं होतं तेव्हा आम्ही फटाके वाजवले होते. आता मिशन संपलं म्हणतात. मग ती कंपनी, त्या वस्तू, त्यांची देखभाल, सगळं कुणाच्या गळ्यात? (निवृत्त शिक्षक, सोलापूर)

गुरुजी, उत्तर छोटं आहे: पालिकेच्या, म्हणजे तुमच्या.

जानेवारी २०१६ ला पहिली वीस नावं आली त्यात आपल्याकडची पुणे आणि सोलापूर. हिशोब साधा होता, केंद्राचे ५०० कोटी, राज्याचे २५०, पालिकेचे २५०. त्यासाठी वेगळी कंपनी काढली, तिच्यात राज्य आणि पालिका निम्मे-निम्मे. मिशन मूळ पाच वर्षांचं, कोविडमुळे आणि इतर कारणांनी मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०२५ ला संपलं. पैसा बांधायला होता, सांभाळायला नव्हता. टेंडरमधे देखभालीची जेवढी वर्षं लिहिलीत तेवढी ठेकेदार बघतो, पुढे दिव्याचं बिल, कारंज्याची मोटर, पाणी सगळं पालिकेच्या महसुली खर्चात येतं, आणि त्या रकान्यात आधीच खडखडाट. म्हणून कुठलंही उद्घाटन असलं की मी विचारतो, याचं लाईटबिल कुठल्या हेडला टाकलंय? लोक माझ्याकडे लग्नात श्राद्धाचं विचारल्यासारखं बघतात.

अजून एक, स्मार्ट सिटीचा मोठा पैसा शहराच्या एका निवडलेल्या भागात घालायचा होता. पुण्याने निवडलं औंध-बाणेर-बालेवाडी. पेठा राहिल्या बाजूला. जिथं रस्ता आधीच रुंद तिथं काम पटकन होतं, फोटो चांगला येतो, आणि पेठेत खोदलं की खाली कुणाची केबल, कुणाची पाईप, कुणाचा जुना हौद, ठेकेदार टेंडरच भरत नाही. मुदतीत खर्च दाखवायचा असला की पैसा आपोआप सोप्या जागी वाहतो.

प्रश्न: मी इंग्लंडमधे उत्तरेला राहते. इथं पण हाय स्ट्रीटवर, म्हणजे गावाच्या मुख्य बाजाररस्त्यावर, निम्मी दुकानं बंद, आणि सरकार फंड देतंय. शेजारच्या स्टॉकटनमधे कौन्सिलने चक्क मॉल विकत घेऊन पाडला! तिकडं लोकांना हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. (वाचक, इंग्लंड)

मी ठेवतो. स्टॉकटन-ऑन-टीज, १८२५ ला वाफेवरची ती पहिली पब्लिक रेल्वे जिथं पोचली तेच गाव. दुकानं जास्त आणि गिऱ्हाईक कमी हे तिथल्या कौन्सिलने मान्य केलं, कॅसलगेट नावाचं शॉपिंग सेंटर २०१९ मधे विकत घेतलं, पाडलं, आणि तिथं हाय स्ट्रीटपासून नदीपर्यंत बाग करायला घेतली. आपल्याकडे कुठला नगरसेवक म्हणेल की बाजार छोटा करू? पण धाडस आहे खरं.

तुमच्या सरकारची पद्धत मात्र मला पटत नाही. फ्यूचर हाय स्ट्रीट्स फंडाचा निकाल २०२० च्या डिसेंबरमधे, ऐन नाताळात लागला, ७२ गावांना मिळून ८३ कोटी पौंडांपर्यंत. त्यातल्या फक्त १५ गावांना मागितलेलं सगळं, बाकी ५७ जणांना मागणीच्या ६९ टक्के. आता पूर्ण योजनेचा नकाशा काढलाय, सल्लागाराला पैसे देऊन झालेत, आणि एकतीस टक्के कापले, तर त्या गावाने काय करायचं, पुलाचा एक खांब कमी लावायचा? पुढे सामानाचे भाव चढले ते वेगळंच.

प्रश्न: अर्बन चॅलेंज फंड म्हणजे फुकट पैसा का? आणि सामान्य माणसाने नक्की काय करायचं, एका ओळीत सांगा. (विद्यार्थी)

फुकट अजिबात नाही. २०२५-२६ च्या बजेटमधे एक लाख कोटींचा हा फंड जाहीर झाला, त्यात जुन्या शहरांचा पुनर्विकासही आहे. पण केंद्र देणार प्रकल्पाच्या जास्तीत जास्त २५ टक्के, तेही किमान ५० टक्के पैसा पालिकेने रोखे (म्हणजे बाजारातून व्याजाने उचललेला पैसा), बँकेचं कर्ज किंवा खासगी भागीदारीतून उभा केला तर. पुणे महापालिकेने जून २०१७ मधे २०० कोटींचे रोखे काढले होते, ७.५९ टक्क्यांनी. मोठ्या पालिकेला हे जमतं, लहान नगरपालिकेला कोण कर्ज देणार? आणि रोख्यांचं व्याज काम सुरू होवो न होवो, पहिल्या दिवसापासून चालू. त्यात २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकांपर्यंत बहुतेक महापालिकांत प्रशासकच होते, खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीत उभं राहून 'हे वर्गीकरण (एका हेडचा पैसा दुसऱ्याला वळवणं) कशासाठी?' असं विचारणारं कुणी नव्हतं. आता नगरसेवक आलेत, त्यांना विचारा.

एका ओळीत जमणार नाही, पण पुण्यात २००६ पासून नागरिकांना बजेटमधे कामं सुचवता येतात, एका कामाला पाच लाखांपर्यंत. फॉर्म साधारण गणपतीच्या आगेमागे असतात, तुमच्या गावात अशी सोय नसेल तर वॉर्ड ऑफिसला साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. फक्त कामाचं ठिकाण लिहिताना 'बाजारात बाक हवे' असं लिहू नका. विजेच्या खांबाचा नंबर, दुकानाचं नाव, कुठल्या हाताला, किती फूट, सगळं लिहा. एकदा आमच्याकडे नुसतं 'मंडईजवळ बाक' असं लिहून आलं होतं, ३१ मार्चला बिल काढायचं म्हणून बारा बाक घेतले, आणि मी रिटायर झालो तेव्हा त्यातले सात अजून गोडाऊनला प्लास्टिकमधे गुंडाळून होते.