ज्वालामुखी बेटाचा अर्धा डोंगर समुद्रात कोसळतो, हे खरं आहे का? पुरावा काय?

खरं आहे, आणि पुरावा समुद्राच्या तळाशी पडलाय. हवाईमधल्या ओआहू बेटाचा कूलाउ ज्वालामुखी घ्या. साधारण 20 लाख वर्षांपूर्वी त्याची ईशान्येकडची बाजू सुटून पाण्यात गेली. भूशास्त्रज्ञ जेम्स मूर यांनी 1964 मध्येच तसा अंदाज मांडला होता, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे 1980च्या दशकात सोनारने (पाण्यात ध्वनिलहरी सोडून तळ मोजणाऱ्या यंत्राने) तळाचे नकाशे निघाले आणि वादच मिटला. टस्कलूसा नावाचा समुद्राखालचा पर्वत म्हणजे त्याच दरडीतला एक तुकडा! लांबी 30 किलोमीटर, रुंदी 17, उंची जवळपास दोन. बारीक मलबा तर 200 किलोमीटरच्या आसपास गेला, तोही शेवटी समुद्रतळाच्या चढावर.

असं का होतं? हे डोंगर भराभर वाढतात, पण आतून ठिसूळ. लाव्हा, राख, खडी यांचे थर एकावर एक. त्यात वर घुसणारा मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, बाजू बाहेर ढकलत असतो.

एवढ्या प्रचंड दरडी लाखो वर्षांत एखादीच. छोटी मात्र आपण पाहिलीय: 22 डिसेंबर 2018, इंडोनेशियातला अनाक क्राकाटाऊ ज्वालामुखी. त्याची बाजू ढासळून आलेल्या त्सुनामीत 400हून जास्त माणसं गेली.