तुझा सर्व्हेचा फॉर्म वाचला

अरे बेटा,

फॉर्म वाचला काल रात्री. विषय मस्त घेतलास, गेम खेळणाऱ्या पोरांना निसर्गाची जास्त काळजी असते का, पण अर्ध्याच्या वर प्रश्न 'तुम्हाला निसर्ग आवडतो का' याच टाइपचे आहेत अन् त्याला नाही कोण म्हणेल सांग बरं. आवडणं आणि करणं वेगवेगळं विचार.

माझा भाचा माइनक्राफ्ट नावाच्या गेममध्ये जंगलच्या जंगल उभं करतो, रोप लावलं, हाडांची पूड टाकली की झाड तयार, तिथला अख्खा दिवसच 20 मिनिटांचा ना. मागच्या पावसाळ्यात त्याने स्वतःच्या घराच्या गेटजवळ कडुनिंब लावला, किती हौसेनं, आळं केलं, काट्यांचं कुंपण केलं. मग मे आला, पारा 45 वर, परीक्षा संपून पोरगं मामाकडे म्हणजे माझ्याकडेच, अन् रोज एक बादली पाणी टाकायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नाही, माझ्यापण नाही. आम्ही त्याच्या घरी परत आलो तेव्हा नुसती काडी उभी होती. रडला तो. प्रेम खरंच होतं त्याचं, पण दोन-तीन उन्हाळे पाणी घालत राहायचं हे गेममध्ये कधी करावंच लागलं नव्हतं.

गेम काहीच शिकवत नाही असं मात्र लिहू नको. रेड डेड रिडेम्प्शन 2 म्हणजे घोडे-बंदुकांचा गेम, तरी 2021 च्या एका अभ्यासात तो खेळणाऱ्यांनी 15 पैकी सरासरी 10 प्राणी ओळखले, न खेळणाऱ्यांपेक्षा 3 जास्त. अॅनिमल क्रॉसिंग नावाचा गेम खेळणाऱ्या 29 देशांतल्या 640 जणांच्या पर्यावरणाबद्दलच्या मतांचा डेटापण आहे, तो बघ. फक्त एक ध्यानात ठेव, गेममुळे झाडं आवडायला लागली की झाडं आवडतात म्हणून तो गेम घेतला, हे एकदाच फॉर्म भरून कळत नाही. म्हणून तीन महिन्यांनी त्याच पोरांना परत विचार.

आणि प्रश्न असे टाक: गेटबाहेरची तीन झाडं कोणती? मे महिन्यात पक्ष्यांसाठी पाणी ठेवलं का, किती दिवस? सप्टेंबर 2023 ला आपल्या नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा तुझ्या गल्लीत पाणी कुठून आलं?

रविवारी सकाळी सहाला फुटाळा तलावावर ये, भाच्यालाही आणतो. नवीन रोप घेतलंय आम्ही, या वेळी बादलीची पाळी कॅलेंडरवर लिहून ठेवलीये.