अमेरिकन लेखक एडवर्ड बेलामीची ‘लुकिंग बॅकवर्ड’ आज वाचण्यासारखी आहे का?
हो, जरूर वाचा. १८८८ च्या या कादंबरीत बोस्टनचा ज्युलियन वेस्ट १८८७ मध्ये झोपतो तो थेट २००० साली जागा होतो. तिथे देशाच्या उत्पन्नात सगळ्यांना सारखा वाटा, पंचेचाळिशीत निवृत्ती, टेलिफोनवरून घरबसल्या संगीत!

मला सर्वांत भावला तो पावसाचा प्रसंग. सर लागताच फुटपाथवर सलग छत उतरतं आणि लोक नटूनथटून कोरडेच जेवायला निघतात. वेस्टचे यजमान डॉ. लीट सांगतात, पूर्वी तीन लाख डोक्यांवर तीन लाख छत्र्या असायच्या, आता सगळ्यांवर एकच.

गोष्ट कमी, चर्चा जास्त, त्यामुळे मधली प्रकरणं रेंगाळतात. एकविसाव्या वर्षापासून सक्तीची ‘औद्योगिक सेना’, म्हणजे प्रत्येकाने देशासाठी काम करायची व्यवस्था, मात्र मला खटकते. इंग्रज लेखक विल्यम मॉरिसलाही ही व्यवस्था पटली नव्हती. त्याची ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ ही कादंबरी म्हणजे बेलामीला दिलेलं उत्तरच, तीही लगोलग वाचा.