एन्केफॅलिन दिल्यावर ईपीएससी घटला, म्हणजे ग्लुटामेट कमी सुटले का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: न्यूरोपेप्टाइडचे (चेतापेशींनी सोडलेल्या छोट्या प्रथिन-तुकड्यांचे) रिसेप्टर न्यूरोट्रान्समीटर (चेतापेशींतला रासायनिक निरोप्या) सुटण्यावर ताबा कसा ठेवतात, आणि मेंदूच्या स्लाइसवर एन्केफॅलिन सोडल्यावर ईपीएससी (उद्दीपक संदेश मिळाल्यावर घेणाऱ्या पेशीत वाहणारा प्रवाह) निम्म्यावर आला तर ग्लुटामेट (तो संदेश नेणारा न्यूरोट्रान्समीटर) कमी सुटले असे धरावे का. नुसत्या तेवढ्यावरून धरू नका.

एन्केफॅलिन हे पाच अमिनो आम्लांचे पेप्टाइड. ते चेतापेशीच्या टोकावरच्या म्यू किंवा डेल्टा रिसेप्टरला चिकटले, की आतले जी-प्रथिन दुभंगते आणि त्याचा बीटा-गॅमा भाग एन किंवा पी/क्यू जातीच्या कॅल्शियम चॅनेलला जाऊन धरतो. चॅनेल बंद पडत नाही, उघडायला जड जाते. जोरदार विद्युतदाब दिला तर ही पकड सुटतेसुद्धा. एवढ्याने फरक मोठा पडतो, कारण बऱ्याच सिनॅप्समध्ये (दोन चेतापेशींच्या सांध्यांत) न्यूरोट्रान्समीटरचे स्रवण कॅल्शियमच्या तिसऱ्या-चौथ्या घातात बदलते. चौथा घात धरला तर कॅल्शियम २० टक्के घटल्यावर स्रवण जेमतेम ४१ टक्के उरते.

दुसरी वाट कॅल्शियमच्या पुढची आहे. तोच बीटा-गॅमा भाग पुटिका जोडणाऱ्या स्नॅप-२५ या प्रथिनाच्या शेपटाला बसतो आणि सिनॅप्टोटॅग्मिनची, म्हणजे कॅल्शियम ओळखणाऱ्या प्रथिनाची, जागा अडवतो. कॅल्शियम आत येते, पण पुटिका (न्यूरोट्रान्समीटरची पिशवी) पेशीच्या पटलाशी एकरूप होत नाही.

सगळे पेप्टाइड ब्रेकच लावतात असे मात्र नाही. ओरेक्सिन हे दुसरे न्यूरोपेप्टाइड काही ठिकाणी ग्लुटामेटचे स्रवण वाढवते. शिवाय ब्रेक कुणाच्या चाकाला लागला हेही बघावे लागते: मेंदूतल्या व्हेंट्रल टेगमेंटल भागात म्यू रिसेप्टर गाबा (इतर पेशींना शांत करणारा न्यूरोट्रान्समीटर) सोडणाऱ्या पेशींना दाबतात, म्हणून डोपामीनच्या पेशी उलट मोकळ्या होतात.

आता तुमचा प्रयोग. ५० मिलिसेकंदांच्या अंतराने दोन उद्दीपने द्या. समजा, आधी २०० आणि २२० पिकोअँपियर मिळाले, म्हणजे दुसऱ्याचे पहिल्याशी गुणोत्तर १.१. एन्केफॅलिननंतर १०० आणि १५० मिळाले तर ते १.५ झाले. गुणोत्तर असे वाढले तर बिघाड बहुधा सोडणाऱ्या बाजूला आहे. दोन्ही सारख्याच प्रमाणात घटले तर घेणारी पेशी तपासा: म्यू रिसेप्टर तिथले पोटॅशियम चॅनेल उघडून तिचा इनपुट रोध (पटलाचा विद्युत रोध) खाली आणतात. रेकॉर्डिंगच्या पिपेटमध्ये पोटॅशियम चॅनेल अडवणारे सिझियम भरले की हा अडसर बराच कमी होतो.

मग टीटीएक्समध्ये (चेतापेशींचे विद्युत आवेग थांबवणाऱ्या विषात) मिनी, म्हणजे एकेक पुटिका आपोआप सुटून होणारे छोटे प्रवाह, मोजा. उंची तीच राहून वारंवारता घटली तर स्रवणावर परिणाम आहे, आणि तोही बहुधा कॅल्शियमच्या पुढच्या वाटेने. इथे पुष्कळ जण फसतात: मिनी बदललेच नाहीत म्हणून ‘प्रीसिनॅप्टिक (सोडणाऱ्या बाजूचा) परिणाम नाही’ असे लिहून टाकतात. अनेक सिनॅप्समध्ये मिनी कॅल्शियम चॅनेलवर फारसे अवलंबून नसतात, त्यामुळे चॅनेलवरचा ब्रेक त्यांत दिसतच नाही.

परिणाम मुळीच मिळाला नाही तर आधी पेप्टाइडवर संशय घ्या. एन्केफॅलिन पेप्टिडेज या पेप्टाइड तोडणाऱ्या विकरांमुळे स्लाइसमध्येच तुटते, आणि पेप्टाइड प्लास्टिकच्या नळीलाही चिकटतात. ही विकरे रोखणारे बेस्टॅटिन आणि थायॉर्फन घाला, नळीला चिकटणे कमी करायला द्रावणात ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन प्रथिन) ठेवा, किंवा सरळ सहज न तुटणारे, म्यू रिसेप्टरला चिकटणारे डॅमगो १ मायक्रोमोलर वापरा. ते फार वेळ चालू ठेवले तर रिसेप्टर थकतात, म्हणून ५-१० मिनिटे पुरे. डॅमगो चालू असतानाच नॅलोक्सोन (या रिसेप्टरना अडवणारे औषध) १ मायक्रोमोलर द्या. ईपीएससी पूर्वपदावर आला नाही, तर तुम्ही बहुधा रिसेप्टरचा परिणाम नव्हे, रेकॉर्डिंगची घसरण मोजत होता.